जुनी होडी संग्रहालयासाठी जपायची तर

पैठणला नाथसागराच्या काठी जुनी लाकडी होडी उलटी पडलेली दिसली तर सरपणात जायच्या आधी मालकाला विचारून उचला. १९७६ ला जायकवाडी धरण झालं, त्याआधी इथं नुसती गोदावरी होती, त्या काळातली होडी कुणाकडं निघाली तर लैच भारी. पण ओली होडी थेट उन्हात ठेवू नका, फळ्या तडकतात, सावलीत विटांवर ठेवून हळूहळू वाळू द्या, आणि फटीत कापूस-डांबर भरलेलं असेल तर खरवडू नका, तीच तर खरी कारागिरी. ऑइलपेंट बिलकुल नको!! टेपनं मापं, चारी बाजूनं फोटो. मग एखाद्या भोई आजोबांना चहा पाजून मोबाइलवर रेकॉर्डिंग करा, लाकूड कोणतं, फळी वाकवायची कशी, खिळे कुठून आणायचे, होडीबरोबर हे पण ठेवायचंय.