युनियनचं कार्ड काढलंत ना? आता या चुका टाळा

मी मालिका-चित्रपटांच्या निर्मितीच्या बाजूचा माणूस. कॉलशीट, म्हणजे कुणी किती वाजता सेटवर यायचं तो कागद, काढायची, व्हाउचरवर सह्या घ्यायच्या, पॅकअपला उशीर झाला की बोलणी खायची. त्यामुळे कलाकार आणि निर्माते युनियनच्या नावाने काय गोंधळ घालतात, ते रोज डोळ्यांदेखत पाहतो.

पहिली चूक सगळ्यांची लाडकी: कार्ड निघालं की काम मिळतं. मुंबईत उतरून सामान सोडलं नाही तोच पोरं ‘सिंटा’च्या सभासदत्वामागे लागतात. 1958 सालची ही संघटना कलाकारांची ट्रेड युनियन आहे, भूमिका वाटणारी कचेरी नव्हे. त्यात ‘आठवड्यात कार्ड काढून देतो’ म्हणणारा एजंट भेटला की घरून मागवलेले पैसे गेलेच म्हणून समजा. अर्ज स्वतः जाऊन भरा. तिथे तासभर बसायचा कंटाळा येत असेल, तर मेकअप करून अख्खी शिफ्ट सीनची वाट बघत कसे बसणार आहात?

दुसरी चूक मात्र मला खरोखर छळते. तोंडी ठरवणं.

एका मालिकेत सांगलीकडचा एक मुलगा नायकाच्या मित्राचं काम करत होता. गुणी पोरगा, पण घाईचा. कलाकार पुरवणाऱ्या कोऑर्डिनेटरने फोनवर दिवसाचा आकडा सांगितला, ‘महिन्याला पंधरा दिवस पक्के’ म्हणाला, आणि हा दुसऱ्या दिवशी मढच्या शूटिंगच्या बंगल्यावर हजर. करार कुठे विचारलं, तर म्हणे, ‘आपलीच माणसं आहेत, दादा.’ मालिका टीआरपीअभावी मधेच बंद पडली. मालिकांचं मानधन मुळात 90 दिवसांनी यायची रीत. ते दिवसही उलटले. मग आपली माणसं म्हणाली, अर्ध्या शिफ्टचे पैसे अर्धेच, आणि पंधरा दिवसांचं कोण बोललं होतं? पोरगा संघटनेकडे धावला. कार्ड होतं, पण दाखवायला कागद नव्हता. कोऑर्डिनेटरचे व्हॉइस मेसेज होते, त्यांत ‘तू टेन्शन घेऊ नको’ यापलीकडे काही नाही. शेवटी तडजोडीत जे हाती पडलं त्यात खोलीचं थकलेलं भाडंही फिटलं नाही.

त्याच सेटवर आईची भूमिका करणाऱ्या बाईंचे पैसे पुरते आले. करार होताच, शिवाय आल्या-गेल्याची वेळ रोज डायरीत लिहून साहाय्यकाची सही घ्यायच्या. पोरं हसायची. मी तर प्रत्येकाला सांगतो, कॉलशीटचा फोटो काढा आणि घरी जाण्याआधी स्वतःलाच ईमेल करा. कमी मानधनावर काम करणाऱ्या सिने कामगारांसाठी लेखी करार 1981 च्या कायद्यानेच बंधनकारक केला होता. कागद मागणं म्हणजे उद्धटपणा नव्हे.

निर्मात्यांची चूक उलट्या टोकाची. काही जण सभासद नसलेल्याला उभंच करत नाहीत, जणू गुन्हा दाखल होईल. सभासदांनाच घ्या, अशी सक्ती निर्मात्यांवर करणं स्पर्धा कायद्यात बसत नाही, असं भारतीय स्पर्धा आयोगाने 2017 मध्ये ठरवलं. पण दुसरे महाभाग तो आदेश फडकावत गावातली पोरं मॉब म्हणून, म्हणजे गर्दीच्या सीनला, उभी करतात. कॅमेरा, लाइट, मेकअप, सगळ्यांच्या संघटना 1956 पासूनच्या फेडरेशनखाली एकत्र आहेत, हे ते विसरतात. दुपारी या संघटनांनी शूटिंग अडवलं की मॉबवर वाचवलेले पैसे बंगल्याच्या भाड्यातच जातात. मी आदल्या दिवशी संघटनेला एक फोन करतो, एवढंच.

वर्गणी थकवू नका. तक्रार घेऊन गेल्यावर आठवण होते तुम्हाला.

सिंटा आणि कोल्हापूरचं चित्रपट महामंडळ एक नव्हे. मराठी चित्रपटाच्या नावाची नोंदणी महामंडळाकडे.

बालकलाकार असेल तर युनियनआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, आणि कमाईतले किमान 20 टक्के मुलाच्या नावे मुदत ठेवीत. ‘आई सोबत आहे ना’ हे उत्तर चालत नाही.

आणि अमेरिकेत हौसेने मराठी लघुपट करणाऱ्यांनो, तुमचा मित्र सॅग-आफ्ट्राचा, म्हणजे तिथल्या कलाकारांच्या युनियनचा, सभासद असेल तर तो ‘फुकट करेन’ म्हणाला तरी भागत नाही. युनियनच्या करारावर सही न केलेल्या निर्मितीत सभासदाने काम करायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम, आणि तो अमेरिकेबाहेरच्या शूटिंगलाही लागू आहे. कारवाई होते ती त्याच्यावर, तुमच्यावर नाही. छोट्या बजेटसाठी त्यांचे वेगळे करार आहेत. अर्ज शूटिंगच्या पुष्कळ आधी करा, तिकिटं काढून झाल्यावर नव्हे.