डेबियन १२ वर जाण्याआधी पायथन २ च्या स्क्रिप्ट हुडकून काढा

पायथन २ म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची जुनी आवृत्ती. तिचा अधिकृत सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, तरी डेबियन ११ या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ते मिळत होतं. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मधून मात्र ते काढून टाकलं. असं पॅकेज (तयार सॉफ्टवेअरचा संच) काढताना डेबियनची पॅकेजं सांभाळणारी मेंटेनर मंडळी त्यावर अवलंबून असलेली बाकीची पॅकेजं तपासतात. तुमच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) वर्षानुवर्षं चालणारी बॅकअपची स्क्रिप्ट त्यांना कुठून दिसणार? ती तुम्हीच शोधायला हवी.

ग्रेप (फायलींतला मजकूर शोधणारी कमांड) चालवा आणि पहिल्या ओळीत, म्हणजे स्क्रिप्ट कशाने चालवायची ते सांगणाऱ्या ओळीत, नुसतं 'पायथन' किंवा 'पायथन२' असलेल्या सगळ्या फायली बाजूला काढा. 'पायथन-इज-पायथन३' हे पॅकेज टाकून वेळ मारून नेऊ नका. त्याने फक्त नाव पायथन ३ कडे वळतं, कोड जुनाच राहतो.

प्रिंट या आज्ञेला कंस नसेल तर पायथन ३ मध्ये स्क्रिप्ट लगेच एरर देते, ते बरंच. खरी भीती भागाकाराची. ५ भागिले २ चं उत्तर पायथन २ मध्ये २ यायचं, पायथन ३ मध्ये २.५ येतं, तेही मुकाट्याने. पूर्णांकच हवा तिथे एकाऐवजी दोन तिरप्या रेघा द्या. त्या पायथन २ लाही कळतात, म्हणून ही दुरुस्ती जुन्या मशीनवरच करा आणि दोन्ही आवृत्त्यांची उत्तरं ताडून पाहा.

अपग्रेडनंतर जुनं पायथन डिस्कवर उरलेलं दिसलं, तरी त्यावर विसंबू नका. त्याला डेबियनकडून सुरक्षा अपडेट मिळत नाहीत.