बर्न-जोन्सची रेखाटनं तपासताना या चुका टाळा

इंग्रज चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स (१८३३–१८९८) एकेका चित्राआधी चेहरे, हात, पावलं, वस्त्रांच्या चुण्या यांची ढीगभर रेखाटनं करायचा. त्यांचा मोठा साठा बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात आहे, पण बरीच अजून घराघरांत आहेत. ती ओळखायला बसलेली नवी मंडळी पुन्हा पुन्हा त्याच चुका करतात, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: घाई.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फोटोला रेखाटन समजणं. लंडनच्या केन्सिंग्टन भागातला छायाचित्रकार फ्रेडरिक हॉलियर या रेखाटनांचे फोटो काढून त्यांच्या प्लॅटिनम प्रती विकायचा. या प्रतींना चकाकी नसते आणि वर कसला थरही नसतो. धातूचे कण थेट कागदाच्या तंतूंत बसलेले असतात. त्यामुळे काचेमागून त्या हुबेहूब शिसपेन्सिलीच्या वाटतात.

माझ्याकडे एका कुटुंबाने मुलीच्या चेहऱ्याचं असंच एक चित्र आणलं होतं. जुन्या पुठ्ठ्याच्या फाइलीत, वर एक कोरा कागद ठेवून, तीन पिढ्या जपलेलं. एका विक्रेत्याने मोबाइलवरचा फोटो बघून ‘अस्सल’ असं लिहूनही दिलं होतं. मी वरचा कागद उचलून उलटा केला. त्यावर फिकट तपकिरी रंगात तोच चेहरा उमटला होता, आरशातल्यासारखा उलटा. प्लॅटिनमला चिकटून राहिलेला कागद असा वर्षानुवर्षांत तपकिरी पडतो. शिसं दुसऱ्या कागदाला लागलं तरी डाग करडाच पडतो. मग भिंगाखालीही पाहिलं: पेन्सिलीच्या टोकाचा दाब कुठेच नाही, गडद जागी शिशाची चमक नाही. घरातल्या आजी त्या उलट्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. फोटो बघून निर्वाळा देणाऱ्यांचा मला तेव्हापासून मनस्वी राग येतो.

माझी सवय सांगते. आधी फ्रेम उघडायची. टॉर्च कागदाच्या कडेला आडवा धरायचा, दहापट भिंग घ्यायचं आणि पहिला अर्धा तास सहीकडे बघायचंच नाही. ‘ई.बी.जे.’ ही तीन अक्षरं कुणालाही काढता येतात.

दुसरी चूक कालनिर्णयाची. चित्राचं साल उचलून रेखाटनावर चिकटवलं जातं. ‘द गोल्डन स्टेअर्स’ १८८०चं, पण कल्पना १८७२ची आणि काम सुरू झालं १८७६ला. झोपलेल्या राजकन्येच्या गोष्टीवरच्या ‘ब्रायर रोझ’ची छोटी मालिका १८७०च्या दशकाच्या सुरुवातीची, मोठी पुरी झाली १८९०ला. मग झोपलेल्या मुलीचं रेखाटन नेमकं कुठल्या मालिकेसाठी? मान कुठे कलली आहे, हात कुठे टेकला आहे, हे दोन्हींशी ताडून बघा. तरी ठरलं नाही तर सरळ ‘१८७०–९०’ अशी मुदत लिहा. त्यात कमीपणा काही नाही.

रेखाटन पुऱ्या झालेल्या चित्राशी रेघ न् रेघ जुळत असेल तर मी खूश होत नाही, सावध होते. पूर्वतयारीत चाचपडणं दिसतं. नक्कल करणाऱ्याला चाचपडावं लागत नाही. शिवाय नक्कल करू शकतील असे टी. एम. रूकसारखे मदतनीस बर्न-जोन्सच्या स्टुडिओत होतेच.

व्हॉटमन या इंग्रजी बनावटीच्या कागदाच्या जलचिन्हात साल सापडलं, तर कागद त्याआधीचा नाही एवढंच कळतं. अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा झगमगला तर तो विसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा धरा. झगमगला नाही तर काहीच सिद्ध होत नाही.

मुंबईत आणखी एक युक्तिवाद ऐकू येतो: जे.जे. कलाशाळेतले लॉकवुड किपलिंग बर्न-जोन्सचे साडू, म्हणून इथलं रेखाटन खरंच असणार. नातं खरं आहे. पण चित्र कुणाकडून कुणाकडे गेलं याची पत्रं, पावत्या, लिलावाच्या नोंदी लागतात. जुलै १८९८मध्ये ख्रिस्टीज या लिलावगृहाने बर्न-जोन्सच्या स्टुडिओतल्या चित्रांचा लिलाव केला होता. शोध तिथून सुरू करा.

आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेले आकडे ‘स्वच्छ दिसावं’ म्हणून कृपा करून खोडू नका. लिलावाचा क्रमांक बहुतेकदा तिथेच असतो.