अंडी शिजवण्याच्या घरगुती पद्धती : उकडण्यापासून रश्श्यापर्यंत

अंडे हा घाईच्या वेळी हमखास आठवणारा आणि त्या घाईतच बिघडणारा पदार्थ आहे. अंड्याचा पांढरा भाग सुमारे ६२ अंश सेल्सियसला आळायला लागतो, पिवळा बलक ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान घट्ट होतो आणि तापमान ८० अंशांच्या पुढे गेले की पांढरा भाग आक्रसून चिवट होत जातो. पाण्याला उकळी फुटण्याच्या कितीतरी आधीच्या तापमानाला अंडे शिजते, हे लक्षात घेतले तर तापलेल्या तव्यावर किंवा खळखळणाऱ्या पातेल्यात त्याचे काय होत असेल, याचा अंदाज येतो. पुढे दिलेल्या सर्व प्रकारांत मसाला बदलतो, भांडे बदलते. परंतु सांभाळायची असते ती आचच.

निवड आणि साठवण

सातारा-सांगलीकडच्या आठवडे बाजारात गावरान अंडी सहज मिळतात आणि दुकानातील पांढऱ्या अंड्यांपेक्षा ती बहुधा लहान असतात, त्यामुळे दोन अंड्यांच्या कृतीला गावरान तीन घ्यावी लागतात. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर आणि बलकाचा पिवळेपणा तिच्या खाद्यावर अवलंबून असतो. मक्यावर आणि हिरव्या चाऱ्यावर वाढलेल्या कोंबडीच्या अंड्याचा बलक गडद दिसतो, पण केवळ रंगावरून अंडे अधिक पौष्टिक ठरत नाही.

ताजेपणा पाहण्यासाठी अंडे पाण्याने भरलेल्या भांड्यात सोडावे. ताजे अंडे तळाशी आडवे पडते आणि जुने होत जाईल तसे रुंद बाजूने उठून उभे राहते, कारण कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून आतील ओलावा निघून जातो आणि त्या बाजूची हवेची पोकळी वाढते. वर तरंगणारे अंडे वापरू नये. सांगलीकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या आसपास असतो, त्या दिवसांत अंडी फ्रीजमध्येच ठेवावीत. तीही दारातील कप्प्याऐवजी आतल्या फळीवर, कारण दार सतत उघडझाप होत असते. अंडी आणल्याबरोबर धुऊन ठेवण्याची पद्धत अनेक घरांत आहे, परंतु धुतल्याने कवचावरील नैसर्गिक संरक्षक थर निघून जातो. म्हणून मळलेले अंडे वापरण्यापूर्वी धुवावे.

उकडलेली अंडी

अंडी गार पाण्यात घालून पातेले गॅसवर ठेवण्यापेक्षा आधी पाण्याला उकळी आणून त्यात अंडी अलगद सोडणे चांगले, कारण एकदम उष्णता लागलेला पांढरा भाग कवचाच्या आतील पापुद्र्याला कमी चिकटतो. पाणी अंड्यांच्या वर दोन बोटे असावे. अंडी झाऱ्याने किंवा पळीने एकेक करून सोडावीत, आच मंद करावी आणि पाणी हलके उकळत राहील इतपतच ती ठेवावी. जोरात उकळणाऱ्या पाण्यात अंडी एकमेकांवर आपटून तडकतात. सहा ते सात मिनिटांत बलक पातळ राहतो, नऊ मिनिटांत मऊसर आळतो आणि अकरा ते बारा मिनिटांत पूर्ण घट्ट होतो. फ्रीजमधून थेट काढलेल्या अंड्यांना एक मिनिट वाढवून द्यावे.

या वेळा सांगलीत आणि महाबळेश्वरात तंतोतंत सारख्या ठरत नाहीत. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. सांगली सुमारे ५५० मीटरवर, सातारा शहर ७०० मीटरच्या आसपास आणि महाबळेश्वर १,३५० मीटरवर असल्याने सांगलीत पाणी ९८ अंशांच्या सुमारास उकळते, तर महाबळेश्वरात साडेपंचाण्णवच्या आसपास. साताऱ्यात हा फरक जाणवत नाही, पण घाटमाथ्यावर अंडी उकडताना एक-दोन मिनिटे अधिक धरावीत.

वेळ झाली की अंडी लगेच थंड पाण्यात टाकावीत. पातेल्यातील गरम पाण्यातच ती पडून राहिली तर शिजणे थांबत नाही आणि बलकाभोवती हिरवट-करडे कडे दिसू लागते. बलकातील लोह आणि पांढऱ्यातील गंधकापासून तयार होणारा वायू यांच्या संयोगाने ते येते. ते अपायकारक नसते, मात्र अंडे जास्त शिजल्याची ती खूण असते. सोलताना अंडे ओट्यावर हलकेच फिरवून सर्व बाजूंनी तडे पाडावेत आणि रुंद बाजूकडून, नळाच्या धारेखाली सोलावे. अगदी ताजे अंडे सोलताना पांढरा भाग कवचाबरोबर निघून येतो, म्हणून उकडण्यासाठी आठवडाभर जुनी अंडी राखून ठेवावीत आणि ताजी तव्यावरच्या प्रकारांना वापरावीत.

अंड्याची पोळी आणि हाफ फ्राय

दोन अंड्यांच्या पोळीला एक लहान कांदा, एक-दोन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, चिमूटभर हळद आणि मीठ पुरते. कांदा जितका बारीक तितका चांगला, कारण जाड फोडी कच्च्या राहतात आणि उलटताना पोळी तिथेच फाटते. अंडी काट्याने किंवा रवीने पांढऱ्याचे धागे मोडेपर्यंत फेटावीत. बिडाचा तवा वापरात मुरलेला असेल तर त्याच्यासारखे दुसरे भांडे नाही. तो मध्यम आचेवर तापवून एक चमचा तेल पसरावे, कांद्याचा तुकडा टाकल्यावर तो तडतडला की मिश्रण ओतावे आणि त्याच क्षणी आच मंद करावी. वर झाकण ठेवून मिनिटभराने कडा सुटू लागल्या की उलथन्याने पोळी उलटावी. दुसऱ्या बाजूला अर्धे मिनिट पुरते. पोळी मोठी व्हावी म्हणून काही जण चमचाभर बेसन मिसळतात. तो पदार्थ वाईट लागत नाही, पण मग ते धिरडेच झाले.

हाफ फ्रायसाठी अंडे आधी वाटीत फोडून मग मंद आचेच्या तव्यावर सोडावे आणि झाकण ठेवावे, म्हणजे वरचा पांढरा भाग वाफेवर आळतो. लहान मुले, गर्भवती स्त्रिया, वृद्ध आणि आजारी माणसांना मात्र बलक पातळ असलेले अंडे देऊ नये. कच्च्या अंड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतो आणि बलक घट्ट होईपर्यंत शिजवल्यानेच तो धोका टळतो.

भुर्जी

भुर्जीत बहुतेक वेळ कांद्या-टोमॅटोला द्यायचा असतो. चार अंड्यांना दोन मध्यम कांदे तेलात गुलाबी होईपर्यंत परतावेत, ठेचलेला लसूण आणि मिरची घालावी, मग टोमॅटो घालून त्याचे पाणी पूर्ण आटवावे. हे पाणी राहिले तर भुर्जीला ओलसर, पचपचीतपणा येतो आणि तो नंतर कितीही परतून जात नाही. हळद, तिखट, मीठ घालून आच कमी करावी, अंडी फोडून घालावीत आणि अर्धे मिनिट हात न लावता थांबावे. तळ आळू लागला की उलथन्याने तळापासून उचलत हलवावे. अंड्याचा पातळपणा संपला, पण तुकड्यांवर अजून ओलसर चमक आहे, अशा वेळी गॅस बंद करावा. कढईच्या उष्णतेने उरलेले शिजणे आपोआप होते.

अंड्याचा रस्सा

या भागातील खरा घरगुती प्रकार हाच. त्याचा आधार म्हणजे उन्हाळ्यात डंकावर कुटून बरणीत भरून ठेवलेला कांदा-लसूण मसाला, ज्याला कित्येक घरांत नुसते ‘चटणी’ म्हणतात. चार जणांसाठी दोन कांदे उभे चिरून थोड्या तेलावर तपकिरी भाजावेत, अर्धी वाटी किसलेले सुके खोबरे वेगळे, मंद आचेवर भाजावे आणि आठ-दहा लसूण पाकळ्या, बोटभर आले व कोथिंबिरीसह सगळे बारीक वाटावे. खोबरे करपले तर रस्सा कडवट होतो, म्हणून त्याच्यावरची नजर हलवू नये.

पातेल्यात तीन चमचे तेल तापवून वाटण परतावे. सुरुवातीला ते तेल शोषून घेते, मग हळूहळू आळते आणि कडेने तेल सोडू लागते; इथपर्यंत पोचायला सात-आठ मिनिटे लागतात. मग हळद आणि दोन चमचे कांदा-लसूण मसाला घालून क्षणभर परतावे व तीन-चार वाट्या कडकडीत गरम पाणी ओतावे. गार पाण्याने रश्श्याची उकळी मोडते आणि वर तर्री नीट येत नाही. मीठ घालून दहा मिनिटे उकळू द्यावे.

यापुढे दोन वाटा आहेत. उकडलेली अंडी घालायची असतील तर त्यांना उभे चिरे देऊन, हळद-तिखट लावून थोड्या तेलावर परतावीत आणि शेवटच्या पाच मिनिटांसाठी रश्श्यात सोडावीत. दुसरी वाट कच्ची अंडी थेट रश्श्यात फोडून सोडण्याची आहे आणि माझ्या मते चवीला ती सरस आहे, कारण मसाला पांढऱ्यात शिरतो. त्यासाठी आच अगदी बारीक करावी, एकेक अंडे वाटीत फोडून वाटी रश्श्याला टेकवून कडेकडेने, अंतर ठेवून सोडावे आणि झाकण ठेवून सहा-सात मिनिटे पळी अजिबात फिरवू नये. या वेळात पांढरा भाग बलकाला गुंडाळून आळतो; त्याआधी ढवळले तर सगळ्या रश्श्यात अंड्याचे तुकडे पसरतात. ज्वारीची भाकरी कुस्करून खाणाऱ्यांसाठी रस्सा थोडा पातळ ठेवावा.

रस्सा उरला तर अंडी काढून वेगळी झाकावी आणि दोन्ही भांडी दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावीत. दुसऱ्या दिवशी आधी रश्श्याला चांगली उकळी आणावी, आच मंद करावी आणि मग अंडी आतपर्यंत गरम होतील इतकाच वेळ त्यात सोडावीत.