गाणं वापरायचंय? भाव विचारायच्या आधी एवढं तयार ठेवा

अमेरिकेत अल्बमसाठी किंवा टीव्हीसाठी दुसऱ्याचं गाणं घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "किती पडतील?" मी गाण्यांच्या परवानग्या काढायचंच काम करतो तरी याला माझ्याकडे एका वाक्याचं उत्तर नाही, कारण अल्बमचा भाव सरकारने छापून ठेवलाय आणि टीव्हीचा भाव असा कुठे लिहिलेलाच नसतो, तुम्ही काय काय मागताय ते बघून समोरचा तो ठरवतो. म्हणजे निम्मा भाव तुमच्याच मेलमध्ये असतो. मेल टाकायच्या आधी बसून करायची तयारी ती ही.

आधी एक कागद घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे गाणं, म्हणजे चाल आणि शब्द, हे लिहिणाऱ्यांचं आणि त्यांच्या पब्लिशरचं, म्हणजे गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीचं. उजवीकडे रेकॉर्डिंग, म्हणजे जे प्रत्यक्ष कानावर पडतं ते, याला धंद्यात मास्टर म्हणतात आणि ते बहुतेक वेळा लेबलकडे, म्हणजे रेकॉर्ड कंपनीकडे असतं. ही दोन वेगळी मालमत्ता आहे हे डोक्यात पक्कं बसेपर्यंत पुढे जाऊ नका, कारण "गायकाने स्वतः मला हो म्हटलंय" असं सांगत येणारे लोक मला दर महिन्याला भेटतात आणि त्या गायकाकडे बऱ्याचदा दोन्हीतलं काहीच नसतं.

डाव्या रकान्यात सगळ्या लेखकांची नावं, प्रत्येकाचा पब्लिशर आणि प्रत्येकाचे टक्के लिहा. ॲस्कॅप आणि बीएमआय या लेखक-पब्लिशरसाठी प्रसारणाचे पैसे गोळा करणाऱ्या संस्था, त्यांचा साँगव्ह्यू नावाचा एकत्र डेटाबेस आहे, एमएलसी ही स्ट्रीमिंगचे पैसे लेखकांपर्यंत पोचवणारी संस्था, तिचाही शोध सगळ्यांना खुला आहे, दोन्हीकडे बघा आणि मग बेरीज करा. १०० आली पाहिजे. ९२.५ आली आणि तुम्ही "असेल कुणीतरी" म्हणून सोडून दिलंत तर तो उरलेला साडेसात टक्केवाला एपिसोड लागल्यावर नक्की उगवतो, आणि तेव्हा भाव तो सांगेल तो.

जुनं गाणं असेल तर आधी वर्ष तपासा, कदाचित काहीच द्यावं लागणार नाही. १ जानेवारी २०२६ ला अमेरिकेत १९३० मध्ये प्रकाशित झालेली गाणी सर्वांसाठी मोकळी झाली, पण रेकॉर्डिंगचं गणित वेगळं आहे, तिथे आत्ता फक्त १९२५ पर्यंतच्या ध्वनिमुद्रिका मोकळ्या आहेत. म्हणजे १९२८ ची चाल फुकट आणि त्याच चालीचं १९६० मधलं रेकॉर्डिंग मात्र पूर्ण पैशाचं, असं होतं. रेघ मारा म्हटलं ते याचसाठी.

आता अल्बम. तुम्ही स्वतः गाऊन वाजवून रेकॉर्ड करणार असाल तर उजवा रकाना सरळ खोडा, मास्टर तुमचंच. डावीकडे लागतं ते मेकॅनिकल लायसन्स, म्हणजे गाण्याच्या प्रती काढायची परवानगी, आणि त्याचा दर छापील आहे, २०२५ चा सांगायचा तर प्रत्येक प्रतीमागे १२.७ सेंट, किंवा गाणं ५ मिनिटांच्या वर गेलं तर मिनिटाला २.४५ सेंट, यातलं जे जास्त ते. हा दर आता महागाईप्रमाणे दर जानेवारीत हलतो म्हणून चालू वर्षाचा आकडा काढूनच हिशोब करा. आणि स्टॉपवॉच लावा, अक्षरशः लावा, कारण मिनिटाचा तुकडासुद्धा पूर्ण मिनिट धरतात. ४ मिनिटं ५९ सेकंदांच्या गाण्याच्या १००० सीडी काढल्या तर १२७ डॉलर, तेच गाणं ५ मिनिटं १ सेकंद झालं तर ६ मिनिटं धरून १४.७ सेंट, म्हणजे १४७ डॉलर. शेवटचा झंकार विरेपर्यंत दोन सेकंद ताणलात त्याचे २० डॉलर. आणि हे सेंट प्रतीमागे जातात बरं का, विकल्या गेल्या की वाढत जाणार.

हा छापील भाव आला कुठून ते मजेशीर आहे. पियानो आपोआप वाजवणारे भोकं पाडलेले कागदाचे रोल तेव्हा जोरात खपत होते, आणि १९०८ मध्ये अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट म्हणालं की माणसाला तो रोल वाचता येत नाही, म्हणजे ती गाण्याची प्रत नव्हेच. लेखकांना दमडी नाही. पुढच्याच वर्षी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायदा करून लेखकांना हक्क दिला, पण एओलियन नावाच्या रोलच्या कंपनीने पब्लिशरांशी आधीच करार करून ठेवले होते आणि सगळी गाणी हिच्याच खिशात जातील अशी भीती होती, म्हणून सोबत अट घातली की मालकाने एकदा गाणं रेकॉर्ड होऊ दिलं की पुढे कुणीही प्रतीमागे २ सेंट भरून ते रेकॉर्ड करू शकेल. ते २ सेंट १९७८ उजाडेपर्यंत २ सेंटच राहिले! नंतर वाढत वाढत २००६ मध्ये ९.१ झाले आणि तिथे पुन्हा २०२२ संपेपर्यंत अडकले, २०२३ मध्ये एकदम १२. आता हा दर कॉपीराइट रॉयल्टी बोर्डाचे तीन न्यायाधीश ठरवतात.

छापील दर भरला की मालकाला नाही म्हणता येत नाही, म्हणून याला सक्तीचं लायसन्स म्हणतात, त्याच्या मर्यादा मात्र आधीच टिपून ठेवा. गाणं पहिल्यांदाच रेकॉर्ड होत असेल तर हे लागू नाही, मालकाला विचारावंच लागतं. आपल्या ढंगात वाजवायची मुभा आहे पण मूळ चाल आणि गाण्याचा स्वभाव बदलता येत नाही, शब्दांचं भाषांतर करून गायचं असेल तर त्याची वेगळी परवानगी. कायद्याची नोटीस प्रती बाजारात यायच्या आधी गेली पाहिजे, आणि दर महिन्याला हिशोब द्यायचा त्रास आहे म्हणून बरेच लोक हॅरी फॉक्स एजन्सीसारख्या लायसन्स काढून देणाऱ्यांकडून काम करून घेतात, तेही ठीक. स्ट्रीमिंगचं तुम्ही डोक्याला लावून घेऊ नका, तिथे लेखकांचा वाटा स्ट्रीमिंग सेवा स्वतः एमएलसीकडे भरतात, २०२५ चा मुख्य दर त्यांच्या उत्पन्नाच्या १५.२५ टक्के होता. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे सगळं फक्त कानाने ऐकायच्या गोष्टीपुरतं. चित्र जोडलं की छापील भाव संपला.

चित्र जोडायचं तर डाव्या रकान्यातून सिंक लायसन्स, म्हणजे गाणं चित्राला जोडायची परवानगी, आणि उजव्यातून मास्टर लायसन्स, म्हणजे ते रेकॉर्डिंग वापरायची, दोन्ही घासाघीस करून, आणि दोघांपैकी कुणीही सरळ नाही म्हणू शकतो, कारण नाही म्हणायला इथे कायदा आडवा येत नाही. त्यामुळे प्रत्येक सीनला दोन पर्यायी गाणी आत्ताच ठरवून ठेवा. एडिटर एव्हाना त्या पहिल्या गाण्याच्या प्रेमात पडलेला असतो, कट त्याच्याच तालावर बसवलेला असतो, तरी ठेवा.

मग सीनचं वर्णन लिहा, चार ओळी पुरे, पण खरं लिहा. गाण्याखाली मारामारी आहे का, कुणी नशा करतंय का, राजकारण आहे का, हे लपवलंत आणि लेखकाने नंतर बघितलं तर पुढच्या वेळी त्या पब्लिशरच्या दारात उभं राहायची सोय नाही. गाणं कसं वापरताय तेही लिहा. मागे बारमधल्या स्पीकरवर पुसट वाजतंय, की शब्दांसकट पुढे आहे, की पात्र कॅमेऱ्यासमोर गातंय, की शीर्षकगीत आहे, साधारण याच क्रमाने भाव चढतो. सेकंद लिहिताना थोडी हवा ठेवा. सुरुवातीच्या दिवसांत मी ३० सेकंद, फक्त वाद्यं, असं लिहून कोट, म्हणजे समोरच्याने सांगितलेला भाव, आणला आणि खुश झालो, फायनल कटमध्ये ते झालं ५२ सेकंद आणि मधे गायकाचा आवाजही आला, प्रसारणाला चार दिवस. परत विचारायला गेलो तेव्हा समोरच्या बाईंना आमची तारीख आमच्याइतकीच पाठ होती. अडला हरी गाढवाचे पाय धरी, दुसरं काय. तेव्हापासून एडिट लॉक व्हायच्या आधी विचारतो पण सेकंद "कमाल ६०" असे लिहितो.

यानंतर तीन गोष्टी ठरवा: किती वर्षांसाठी, कुठल्या कुठल्या देशांत, कुठल्या कुठल्या माध्यमात. इथे घाईघाईत "सगळं, सगळीकडे, कायमचं" लिहायचा मोह होतो आणि करारांत खरोखर "अखिल विश्वात" अशी भाषा असते, मंगळावर लागला एपिसोड तर पंचाईत नको म्हणून असेल. पण जितकं रुंद मागाल तितके पैसे. उलट फार अरुंद मागितलंत तर वेगळी फसगत, "डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी" ही रेडिओ स्टेशनवरची मालिका १९७८ ते १९८२ चालली, गाणी त्या काळच्या टीव्हीपुरती घेतलेली, आणि २००७ मध्ये डीव्हीडी काढताना कितीतरी गाणी काढून दुसरं काहीतरी घालावं लागलं. माझं मत विचाराल तर मालिकेसाठी काळ आणि देश पूर्ण घ्या, कारण मालिका कुठे जाऊन पोचेल ते तुमच्या हातात नाही, पण जाहिराती आणि प्रोमो वेगळे ठेवा. छोटा माहितीपट असेल तर आधी फक्त महोत्सवांचा हक्क आणि पुढच्या पायऱ्यांचे आकडे आजच लिहून घ्या, टीव्हीला विकला तर इतके, जगभर गेला तर इतके. पैसे नंतर द्यायचे, भाव आज बांधायचा.

आता ते कलम ज्याच्यावर नवे लोक हमखास आपटतात. एमएफएन, मोस्ट फेवर्ड नेशन्स. अर्थ इतकाच की एकाला जो दर दिलात तोच सगळ्यांना. कल्पनेतले आकडे घेऊ. गाण्याच्या बाजूला ८,००० आणि मास्टरला ८,००० असं ठरलं, एकूण १६,००० डॉलर. गाण्यात एका पब्लिशरचे ९० टक्के, म्हणजे त्याला ७,२००, दुसऱ्याचे १० टक्के, त्याला ८००. हा दुसरा म्हणतो माझा दर पूर्ण गाण्याला १२,००० आहे, मला १,२०० हवेत. तुम्ही म्हणता ४०० डॉलरसाठी कुठे वाद घालायचा, देऊन टाका. झालं, पहिल्याला १०,८०० आणि लेबलला १२,०००, एकूण २४,०००. ते ४०० डॉलर तुम्हाला ८,००० ला पडले. म्हणून सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच आकड्याची ऑफर टाका, आणि आकडा तुम्ही आधी सांगा, "तुमचा दर काय" असं विचारू नका. सगळ्यात छोट्या वाटेकऱ्याचा होकार येईस्तोवर मोठ्याला फायनल म्हणायचं नाही.

मास्टर परवडत नसेल तर गाणं नव्याने रेकॉर्ड करून घ्या, मग फक्त सिंक लागतं. पण ओळखीच्या गायकाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल नको, बेट मिडलर विरुद्ध फोर्ड या १९८८ च्या निकालात जाहिरातीतली अशी नक्कल अंगाशी आली होती. मूळ मास्टर घेतलंत तर त्यावर वाजवणाऱ्या युनियनच्या कलाकारांचे पैसे वेगळे निघतात का तेही लेबलला आधीच विचारा. नंतर बिल येतं.

लेबल पुढ्यातच जास्त का मागतं तेही कळून घ्या, बोलणं सोपं होतं. टीव्हीवर गाणं लागलं की लेखक आणि पब्लिशरला ॲस्कॅप, बीएमआय, सेसॅक यांच्यामार्फत प्रसारणाचे पैसे पुढेही येत राहतात, ते निर्माता देत नाही, चॅनेल देतं, बहुतेक एकगठ्ठा लायसन्सवर, आणि ॲस्कॅप किंवा बीएमआयशी दर जुळला नाही तर न्यूयॉर्कचं फेडरल कोर्ट तो ठरवतं, सरकार आणि या दोन संस्था यांच्यात कोर्टात झालेल्या १९४१ च्या तडजोड हुकुमांपासूनचा वारसा. अमेरिकेत टीव्ही प्रसारणाचे असे पैसे रेकॉर्डिंगच्या मालकाला मात्र मिळत नाहीत. त्याला जे काय ते आत्ताच. उलट डाव्या रकान्यातल्याला "तुम्हाला पुढेही येत राहतील की" हे सांगता येतं, आणि बजेट लहान असेल तर हाच तुमचा हुकमाचा पत्ता.

पण तो पत्ता चालायला क्यू शीट, म्हणजे एपिसोडमधल्या गाण्यांची यादी, भरावी लागते. एपिसोडमधलं प्रत्येक गाणं, लेखक, त्यांची संस्था, पब्लिशर, टक्के, किती सेकंद, मागे की पुढे. प्रसारणानंतर आठवून भरायला बसाल तर चुकाल, डावा रकाना भरलात तेव्हाच तिची पहिली ओळ लिहून टाका, टक्के तिथे आहेतच. आणि मेलवर "हो, चालेल" आलं म्हणजे लायसन्स मिळालं नाही, तो फक्त कोट, त्याला मुदत असते, ती तारीख कॅलेंडरवर टाका, सहीचा कागद आणि पैसे भरल्याची पावती गाण्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. सीझनच्या नावाच्या नको, तेच गाणं तिसऱ्या सीझनच्या फ्लॅशबॅकमध्ये परत येतं आणि तेव्हा कुणालाच काही सापडत नाही.