सांगलीच्या मंडपात बेस गिटार वाजवायची असेल तर

बेस गिटार घेऊन झाली की उरलेले पैसे बहुतेक जण ॲम्पवर घालतात. गणपतीच्या मंडपात, लग्नाच्या हॉलवर किंवा भावे नाट्यमंदिरात मात्र लोकांना तुमचा ॲम्प ऐकू येत नाही, ऐकू येतो तो साऊंडवाल्याचा सिस्टीम. म्हणून आधी डीआय बॉक्स (गिटार थेट मिक्सरला जोडणारी छोटी डबी), सहा मीटरच्या दोन चांगल्या केबली आणि क्लिपचा ट्यूनर घ्या. घरी सरावाला ३०-४० वॉटचा कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच डब्यात) भरपूर झाला.

डीआय बॉक्स कशाला? गिटारमधून निघणारा सिग्नल नाजूक असतो. साध्या केबलीतून तो २५-३० मीटर लांबच्या मिक्सरपर्यंत नेला, तर वरची धार जाते आणि वाटेतला सगळा गोंगाट गोळा होतो. डीआय त्याला बॅलन्स्ड करून, म्हणजे वाटेतला गोंगाट धरणार नाही असा करून, माइकच्या वायरवर चढवतो. तुमच्या गिटारमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असेल तर साधा पॅसिव्ह डीआय चालतो. बॅटरी नसेल तर ॲक्टिव्ह डीआय घ्या. त्याला मिक्सरवरून ४८ व्होल्ट फँटम (माइकच्या वायरीतूनच येणारा वीजपुरवठा) लागतो, तो चालू करायला आठवणीने सांगा.

आदले तीन-चार दिवस

नव्या तारा (४५ ते १०५चा सेट) कार्यक्रमाच्या दिवशी चढवू नका. नवी तार ताणत राहते आणि दर गाण्याला सूर उतरतो. तीन दिवस आधी चढवा, रोज वाजवा.

मग नेक बघा. जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर दाबून धरा. सातव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यामध्ये ०.३ ते ०.४ मिमी फट हवी, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाचे तीन-चार पदर. फट कमी असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली लोखंडी सळई) पाव फेरा सैल करा, जास्त असेल तर पाव फेरा आवळा, आणि पुन्हा सूर लावून मोजा. एका वेळी पाव फेऱ्याच्या वर जायचं नाही. पावसाळ्यात लाकूड हलतं, त्यामुळे जूनमध्ये जमवलेलं गणपतीपर्यंत टिकेलच असं नाही. फट कमी पडली की तार फ्रेटला घासून झणझणते. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतात तेव्हा तार घोडीवर अशीच घासावी म्हणून खपतात. तिथे ते कौशल्य, बेसवर तोच दोष.

जॅकचा नट सैल झाला असेल तर नुसता पाना लावून फिरवू नका. नटाबरोबर आतला जॅकही फिरतो, त्याच्या वायरी पिळल्या जातात आणि सोल्डरचा डाग सुटतो. मागची प्लेट काढा, जॅक बोटांनी घट्ट धरा, मग नट आवळा. बॅटरी मीटरवर मोजा. ८ व्होल्टच्या खाली असेल तर बदला, नाहीतर जोरात वाजवल्यावर आवाज फाटतो.

मंडपात पोहोचल्यावर

आधी वीज, मग वाद्य. मंडपाचं कनेक्शन तात्पुरतं असतं किंवा जनरेटरवर असतं. शे-दोनशे रुपयांच्या मल्टिमीटरने फेज आणि न्यूट्रलमध्ये २२० ते २४० व्होल्ट आहेत का बघा. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये एक-दोन व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर वायरमनला बोलवा. शेवटचं मोजमाप कुणी करत नाही, आणि जीव नेमका त्यातच अडकलेला असतो: मीटर एसीवर ठेवून एक टोक गिटारच्या तारेला आणि दुसरं माइकच्या जाळीला लावा. काही व्होल्ट दिसले तर माइकला तोंड लावू नका. हात तारांवर आणि ओठ जाळीवर असले की करंट छातीतून जातो.

गुणगुण (हम) येत असेल तर तारांना हात लावा. हात लावल्यावर कमी झाली तर गिटारचं शील्डिंग कच्चं आहे किंवा पिकअप लाइटच्या डिमरचा आवाज ओढतोय. नव्वद अंश वळून उभं राहिलं तरी फरक पडतो. काहीच फरक पडला नाही तर केबल बदलून बघा, मग डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा, ते फक्त सिग्नलच्या वायरीचं ग्राउंड तोडतं. हात लावल्यावर गुणगुण वाढली तर अर्थिंगमध्ये गडबड आहे, तिथेच थांबा. प्लगची वरची जाड पिन काढून टाकायचा सल्ला कुणी ना कुणी देतोच. गुणगुण जाते खरी, पण तुमचं संरक्षणही जातं.

गुणगुण मुळातच मिटवायचं आणखी एक कारण आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि ई तारेचा (सगळ्यात जाड) तिसरा फ्रेट, म्हणजे पांढरी पाच (पेटीवर सा पासून पाचवी पांढरी, जी), ४९ हर्ट्झचा. साऊंडवाल्याने मिक्सरवर ५० कापून गुणगुण घालवली तर पांढरी पाचच्या गाण्यात तुमचा खालचा सा पण गेला.

साऊंड चेक

"बेस वाढवा" असं म्हणू नका. साऊंडवाल्याच्या भाषेत बेस म्हणजे खालचे मोठे बॉक्स. "बेस गिटारची लाइन" म्हणा. चेकला हळू वाजवून कार्यक्रमात जोर लावणं ही नेहमीची चूक, म्हणून सगळ्यात जोराचं गाणं चेकलाच वाजवा. गिटारवरचे टोन नॉब मधोमध असू द्या.

लोखंडी सांगाड्यावरचं प्लायवूडचं स्टेज आतून पोकळ असतं, ते स्वतःच ढोलासारखं घुमतं. ॲम्प नेला असेल तर थेट प्लायवर ठेवू नका. खाली जाड फोम घाला आणि तोंड तिरकं वर करा, नाहीतर सगळा आवाज गुडघ्यांना ऐकू येतो आणि तुम्ही उगाच व्हॉल्यूम वाढवत बसता.

ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवाल्याला डाव्या हाताने बेस वाजवायची सवय असते. दोघांचा बेस एकत्र आला की नुसता चिखल. कोणत्या गाण्यात त्याचा डावा हात बंद, हे आधीच ठरवून घ्या.

पट्टीचंही तसंच. गायक "काळी चार" म्हणाला की ई तारेचा चौथा फ्रेट, "काळी एक" म्हणाला की ए तारेचा चौथा. काळी दोनचा सगळ्यात खालचा सा चार तारांच्या बेसवर नाहीच, तो मोकळ्या ई तारेच्याही अर्धा सूर खाली आहे. त्यासाठी ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर जा. कीबोर्डवाल्याची बोटं बघून सूर पकडायला जाऊ नका. तो ट्रान्सपोज (पट्टी बदलायचं बटण) दाबून भलत्याच पट्टीत वाजवत असतो. पेटी असेल तर ट्यूनरवर तिचा सा बघा आणि ट्यूनर नेहमीचं ४४० हर्ट्झचं माप सोडून तिच्यावर जुळवा, पेटी तुमच्यासाठी बदलणार नाही.

वाजवताना

केबल पट्ट्यातून ओवून मग जॅकमध्ये घाला, म्हणजे कुणाचा पाय पडला तरी प्लग निघत नाही. पट्टा सात-आठ सेंटिमीटर रुंद घ्या. चार किलोची गिटार तीन तास खांद्यावर असते. लाइटच्या उष्णतेने तारा सैल पडून सूर उतरतो, थंडीत उघड्यावर चढतो. निवेदकाचं बोलणं चालू असताना क्लिपचा ट्यूनर बघून घ्या.

लाउडस्पीकर रात्री १० ला बंद. सरकारने सूट दिलेल्या सणाच्या दिवशीच १२ पर्यंत चालतो. त्यामुळे कार्यक्रम उशिरा सुरू झाला की गाणी कापली जातात. जोराची गाणी शेवटाला राखून ठेवू नका.

मध्यंतरात केबल काढायची असेल तर आधी लाइन म्यूट करायला सांगा, नाहीतर खालच्या बॉक्समधून धाडकन आवाज जातो. बॅटरीच्या गिटारची केबल मध्यंतरात काढायचीच, कारण प्लग आत असेपर्यंत बॅटरी जळत राहते. रात्री घरी आल्यावर तारा खालून-वरून कोरड्या फडक्याने पुसा. बॅग भिजली असेल तर गिटार त्याच रात्री बाहेर काढून ठेवा, बंद बॅगेत सकाळपर्यंत तारांना गंज धरतो.