खापर फोडायच्या आधी

जिंकल्यावर आमच्या ऑफिसात दोनशे चहा लागतात, पडल्यावर वीस. त्यातलेही पाच-सहा गार होतात. तीस वर्षं मी सोलापुरात पक्षाचं शहर कार्यालय सांभाळते. पक्ष कोणता ते विचारू नका, सगळीकडं असंच चालतं. मतदारयाद्या, पत्रकं, मंडपवाल्याची बिलं आणि बैठकांची इतिवृत्तं माझ्याकडं असतात. त्यामुळं पडल्यावर कोण कुणाकडं बोट दाखवतो हे मी नुसतं बघितलेलं नाही, लिहून घेतलंय. परवा आमच्या नव्या शहराध्यक्षानं विचारलं, "अक्का, पडल्यावर चिंतन बैठक लावायची म्हणजे नेमकं काय करायचं?" त्याला जे सांगितलं तेच इथं लिहिते.

पहिलं काम निकालाच्या आधीचं आहे. २०१९ ला सोलापूर लोकसभेचं मतदान १८ एप्रिलला झालं, मोजणी २३ मेला. मध्ये पस्तीस दिवस. २०२४ ला ७ मे आणि ४ जून, म्हणजे अठ्ठावीस दिवस. खापर याच दिवसांत भाजून तयार होतं, निकालादिवशी फक्त फोडायचं राहतं. ज्याला हार दिसायला लागते तो चहाच्या टपरीवर हळूच सुरू करतो, "आम्हाला तर कुणी विचारलंच नाही." शहरातले म्हणतात मोहोळ-पंढरपूरला घात झाला, पंढरपूरचे म्हणतात शहरानं लीड दिलं नाही. मतदारसंघ सहा विधानसभांचा, त्यामुळं बोट दाखवायला दिशा भरपूर.

म्हणून मतदानानंतर आठ दिवसांच्या आत प्रत्येक प्रभागप्रमुखाकडून बूथवार अंदाज लेखी घ्यायचा. आपल्याला किती, समोरच्याला किती, कुठल्या बूथवर आपला एजंट बसलाच नाही. खाली सही. कागद पाकिटात घालून चिकटवायचा आणि कपाटात ठेवायचा. बैठकीत सगळ्यांसमोर फोडायचा. आम्ही एकदा हे केलं. आठ पाकिटं होती. सात जणांनी "आपण येतोय" असं लिहिलेलं, आठव्याचा कागद कोरा. आणि त्या बैठकीत "मी आधीच म्हणलो होतो" असं सगळ्यात मोठ्यानं कोण ओरडत होता? तो कोराच.

दुसरं काम कागद गोळा करण्याचं. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष पोलिंग एजंटला फॉर्म १७ सीची प्रत देतो, त्यात त्या बूथवर एकूण किती मतं पडली ते असतं. कुणाला किती पडली हे बूथवार कळतं ते निकालानंतरच्या फॉर्म २० मध्ये. हा फॉर्म २० हातात आल्याशिवाय बैठकच लावू नका. १७ सी कुठल्या बूथवरून आला नाही याची वेगळी यादी करा. जिथून आला नाही तिथं आपला माणूस शेवटपर्यंत बसला नव्हता, एवढं तर कळतं. महापालिकेला नमुन्यांची नावं वेगळी असतात, पण बूथवार आकडे तिथंही निघतात.

आकडे नसले की काय होतं, याचं उदाहरण सगळ्या सोलापूरला पाठ आहे. २०१९ ला भाजपच्या जयसिद्धेश्वर स्वामींना ५ लाख २५ हजारांच्या आसपास मतं मिळाली, काँग्रेसच्या सुशीलकुमार शिंदेंना ३ लाख ६६ हजार, वंचित बहुजन आघाडीच्या प्रकाश आंबेडकरांना १ लाख ७० हजार. शिंदे आणि आंबेडकर यांची बेरीज केली की ती स्वामींच्या वर जाते, अकरा-बारा हजारांनी. मग काय, रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांचा निकाल लागला: मतं फुटली. बेरीज बरोबर आहे. पण तिच्याशेजारी २०१४ चा आकडा ठेवून बघा. तेव्हा आंबेडकर सोलापुरात उभे नव्हते. तेव्हा भाजपच्या शरद बनसोडेंना मिळाली ५ लाख १८ हजारांच्या आसपास आणि शिंदेंना ३ लाख ६८ हजार. म्हणजे पाच वर्षांनी तिसरा मोठा उमेदवार येऊनही पहिल्या दोघांचे आकडे जवळजवळ जागच्या जागी. मग ही १ लाख ७० हजार कुणाची फुटली? काही फुटली असतील आणि तेवढी दुसरीकडून भरून निघाली असतील. काही नवी असतील. एकूण आकड्यावरून हे सांगता येत नाही, त्यासाठी एकेका बूथचे दोन्ही वर्षांचे आकडे शेजारी मांडावे लागतात. ते काम दहा दिवसांचं आहे आणि "मतं फुटली" म्हणायला दोन शब्द लागतात. बाहेरचा माणूस दोषी ठरला की घरातल्या कुणालाच खुर्ची सोडावी लागत नाही, हा त्याचा खरा फायदा.

महापालिकेत तर फॉर्म्युला आणखी सोपा. २०१७ ला १०२ जागा होत्या, प्रभाग २६. चोवीस प्रभागांत चार-चार नगरसेवक, दोन प्रभागांत तीन-तीन. चारच्या प्रभागात मतदाराला चार मतं. पॅनल, म्हणजे आपल्या चार उमेदवारांचा गट, पडलं की चौघेही छाती पिटतात, पण एकाच बूथवर आपल्या चौघांना किती किती पडली ते एका ओळीत लिहा. समजा तिघांना चारशेच्या आसपास आहेत आणि चौथ्याला सहाशे. तर त्यानं शेवटच्या दोन रात्री काय केलं ते कळलं. "मला एक द्या, बाकीची तुम्ही बघा", आमच्याकडं ह्याला सिंगल चालवणं म्हणतात. हा माणूस स्वतः निवडूनही येतो कधीकधी आणि तोच पुढं तिघांच्या पराभवाची कारणमीमांसा करायला समितीत बसतो! पण उलटंही बघा. तिघांना चारशे आणि चौथीला अडीचशे असेल तर लगेच तिला नावं ठेवू नका. महिलांच्या जागेवर ऐनवेळी कुणाच्या तरी घरातली बाई उभी केली असेल, तिचं नावही मतदारांना वाटायच्या चिठ्ठीवर नीट छापलं नसेल, तर तो दोष चिठ्ठी छापणाऱ्याचा आणि तिकीट वाटणाऱ्याचा. (चिठ्ठ्या मीच छापून घेते. एकदा आडनाव चुकलं होतं. माझंही खापर आहे त्यात.)

आता बैठक. निकालाच्या रात्री नको, माणसं पेटलेली असतात. महिन्यानंतरही नको, तोवर सगळ्यांचं ठरवून झालेलं असतं. बारा-पंधरा दिवसांनी, सकाळी, जेवणाच्या आधी. आमच्याकडं नेत्याला मालक म्हणतात आणि मालक आधी बोलले की मागचे सगळे माना हलवतात. म्हणून बूथवाले आधी, प्रभागप्रमुख नंतर, उमेदवार त्यानंतर आणि मालक शेवटी. मुंबईहून निरीक्षक आले असतील तर त्यांना मधली खुर्ची देऊ नका, भिंतीकडेची द्या. मधल्या खुर्चीवर बसलेला माणूस ऐकत नाही, न्याय करतो. बैठकीला न आलेल्याचं नाव घ्यायचं असेल तर त्याला बोलावून घ्यायचं. हा नियम का, ते सांगते.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. पालिकेची निवडणूक पडलो होतो. मालकांनी आल्या आल्या विचारलं, "पूर्व भागात कुणी माती खाल्ली बे?" खोलीत सन्नाटा. मग कोपऱ्यातून एकानं एका पोराचं नाव घेतलं. पोरगा यंत्रमागावर रात्रपाळी करायचा, त्या वेळी झोपला असणार किंवा मागावर असणार, बैठकीला नव्हता. लगेच चार जणांनी दुजोरा दिला. त्याला तेलुगू-मराठी दोन्ही यायचं, दारोदार फिरायचा, पण पाठीमागं कुणी नव्हतं. पाच मिनिटांत विषय संपला आणि सगळ्यांचे चेहरे सैल झाले. मी लिहिलं, "पूर्व भागातील बूथ यंत्रणा कमी पडली, संबंधितांस बदलावे." पुढं चार-सहा महिन्यांनी जुनी फाईल लावताना बूथवार आकडे दिसले. त्याच्या बूथवर आम्ही थोडक्यात का होईना पुढं होतो. मागं पडलो होतो ते नाव घेणाऱ्याच्या बूथवर. तोवर पोरगं ऑफिसच्या पायऱ्या चढायचं बंद झालं होतं. अजूनही अशोक चौकात भेटला की "नमस्कार अक्का" म्हणतो आणि सायकल पुढं काढतो.

तेव्हापासून मी माझंच वाक्य तपासते. पराभवाच्या इतिवृत्तात कर्ता नसतो, हे तुम्ही बघा. "समन्वयाचा अभाव जाणवला." "मतदारांपर्यंत पोहोचता आले नाही." "वातावरण विरोधात होते." शाळेत कर्मणी, भावे प्रयोग शिकवतात ना, ते पक्षाच्या बैठकीसाठीच शोधले असावेत. कर्ता येतो तो थेट शेवटच्या ओळीत, आणि तो कायम सगळ्यात लहान माणूस असतो. म्हणून इतिवृत्त लिहिणाऱ्याला एवढं सांगा: प्रत्येक वाक्यात कुणी, काय आणि कधी. "चिठ्ठ्या उशिरा पोचल्या" असं नको. "चिठ्ठ्या अमक्यानं मतदानाच्या आदल्या रात्री अकराला दिल्या, छापखान्यातून त्या चार दिवस आधी आल्या होत्या" असं लिहा. असं लिहायला लागलं की निम्मे आरोप आपोआप मागं घेतले जातात. "ते लिहू नका अक्का, ते आपलं असंच बोललो." मी म्हणते, बरं, मग जे असंच नाही ते बोला.

लिहिताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. एखाद्यानं सांगितलेलं काम केलं नाही, तो एक दोष. वरून ठरलेलंच चुकीचं होतं, तो दुसरा. एखाद्या भागात पाणी काही दिवसांआड येत असेल आणि आपण प्रचार भलत्याच विषयावर केला असेल, तर तिथला बूथप्रमुख काय करणार? बायकांनी त्याला दारातूनच परत पाठवलेलं असतं. त्याला विचारा, त्या काय म्हणाल्या. हाच खरा अहवाल, आणि तो कुणी मागत नाही.

पैशाचा विषय भर बैठकीत काढू नका. "रसद पोचली नाही" हे वाक्य निघालं की बाकी सगळं बंद पडतं. उमेदवाराला खर्चाचा हिशेब निकालापासून तीस दिवसांत द्यावाच लागतो, तो कागद घेऊन तिघांनी बंद खोलीत बसावं. गद्दारीचं तसंच. पुरावा म्हणजे बूथचा आकडा किंवा स्वतः बघितलेला माणूस. व्हॉट्सअॅपवर फिरलेला फोटो नाही. समोरच्या पक्षाच्या माणसाबरोबर गड्ड्याच्या जत्रेत उभं राहिलेल्याचा फोटो काढला तर अख्खं सोलापूर गद्दार निघेल.

नैतिक जबाबदारी म्हणून कुणी राजीनामा दिला तर घ्या, पण त्याच दिवशी विचारा की तुमच्या हातातल्या याद्या, चाव्या आणि लोकांचे नंबर कुणाकडं द्यायचे. याचं उत्तर देतो त्याचा राजीनामा खरा. बाकीचे तीन आठवड्यांनी "कार्यकर्त्यांच्या आग्रहाखातर" परत येतात, त्यांच्यासाठी वेगळं इतिवृत्त लिहावं लागतं.

आणि मंडपवाल्याचं, ध्वनिक्षेपकवाल्याचं, छापखान्याचं बिल बैठकीच्या आधी द्या. पडलेल्या निवडणुकीचं बिल कुणाच्याच नावावर नसतं. मागच्या खेपेला मंडपवाला बैठकीलाच येऊन मागच्या रांगेत बसला होता. दोन तास सगळं ऐकलं, चहाही घेतला. शेवटी उभा राहून म्हणाला, "मालक, कुणी पाडलं ते तुमचं तुम्ही बघा, माझे खांब अजून मैदानावरच हायत."